‘तुझ्या वाजवण्याला घर नाही’

पत्राचा सारांश: पत्रलेखिका सत्तावीस वर्षांच्या आहेत आणि व्हायोलिन वाजवतात. आई हिंदुस्तानी गायन शिकलेली, वडील वेगळ्या भाषेचे आणि वेगळ्या धर्माचे. वडिलांच्या नोकरीमुळे त्यांचे बालपण तीन देशांत गेले. सहाव्या वर्षापासून त्या पाश्चात्य पद्धतीने व्हायोलिन शिकल्या, घरी आईचा रियाज ऐकत वाढल्या, अकराव्या वर्षापर्यंत वडिलांकडच्या आजीबरोबर चर्चच्या समूहगानात गायल्या आणि महाविद्यालयात असताना तीन वर्षे एका जॅझ गटात वाजवत होत्या. गेली चार वर्षे त्या स्वतःच्या रचना करत आहेत. मार्गदर्शनासाठी त्या एका ज्येष्ठ वादकांकडे गेल्या, तेव्हा त्यांनी ‘तुझ्या वाजवण्याला घर नाही’ असे सांगितले. मात्र बाकीचे सारे बाजूला ठेवून तीन वर्षे पूर्णवेळ शिकायची तयारी असेल तर शिकवीन, असेही ते म्हणाले. त्याच सुमारास निरनिराळ्या देशांतील वादकांच्या एका समूहाने त्यांना वर्षभराच्या दौऱ्याचे निमंत्रण दिले आहे. कार्यक्रम ठरवणारे लोक त्यांना दर वेळी ‘तुमच्या संस्कृतीतले थोडे अधिक दाखवा’ असे सुचवतात. त्या विचारतात: ‘माझ्याजवळ चार संगीतांचे तुकडे आहेत, पूर्ण असे एकही नाही. एक निवडून बाकीची कायमची सोडून द्यावीत का? की माझे स्वतःचे असे काही नाहीच हे मान्य करून दुसऱ्यांच्या रचना वाजवत राहावे?’ पत्रासोबत त्यांनी तीन ध्वनिमुद्रणे पाठवली आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि ध्वनिमुद्रणे त्याहून अधिक वेळा ऐकली. तिसऱ्या ध्वनिमुद्रणाबद्दल ‘ते चुकून जोडले गेले, कृपया दुर्लक्ष करावे’ असे तुम्ही लिहिले आहे. तसे दुर्लक्ष मी केलेले नाही, आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे. आधी त्या वाक्याकडे येते, जे गेले चार महिने तुमच्या मनातून जात नाही.

‘घर नाही’ या दोन शब्दांत दोन निरनिराळे आक्षेप असू शकतात, आणि ते एकमेकांत मिसळले की ऐकणारा खचून जातो. पहिला आक्षेप असा की, हे बाहेरचे आहे, आपल्यातले नाही. दुसरा असा की, ज्या संगीताची भाषा तू बोलू पाहते आहेस तिचे व्याकरण तुझ्या हातात बसलेले नाही. पहिल्या आक्षेपाने माणसाच्या जन्माविषयी बोलले जाते आणि त्यावर कोणालाच काही करता येत नाही. दुसरा कामाविषयी आहे आणि त्यावर उद्या सकाळपासून काही तरी करता येते.

हार्मोनियमचा इतिहास या संदर्भात आठवून पाहण्यासारखा आहे. या वाद्याचे पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली घेतले गेले, आणि त्यानंतर काही दशकांतच ते आपल्या संगीत नाटकात, कीर्तनात आणि बैठकीत येऊन बसले. पुढे १९४० साली आकाशवाणीने त्यावर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. हे वाद्य परके आहे ही भावना त्या बंदीमागे होतीच. पण तिच्याबरोबर एक खरा सांगीतिक मुद्दाही होता. पट्ट्यांवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, निघत नाही, आणि सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून जुळवलेल्या पेटीचा गांधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले तर सुमारे चौदा भागांनी चढा. आज परकेपणाचा मुद्दा कोणाच्या लक्षातही येत नाही. गांधाराचा मुद्दा मात्र अजून जिवंत आहे, कारण तो कानाचा आहे, आणि त्यापायी आजही वादक आपापल्या पेट्या वेगळ्या जुळवून घेतात.

तुमच्या हातातल्या वाद्याची गोष्टही निराळी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाळुस्वामी दीक्षितरांनी व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजवले, आणि तिथे त्याची बैठकच बदलली. वादक मांडी घालून बसला, व्हायोलिनचे टोक उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकले, दुसरी बाजू छातीशी आली, आणि वाद्याचा भार सांभाळण्यातून मोकळा झालेला डावा हात तारेवर वरपासून खालपर्यंत घसरू लागला. तारा जुळवण्याची रीतही षड्ज-पंचमाच्या, म्हणजे ‘सा’ आणि ‘प’ यांच्या, हिशोबाने बदलली. वाद्य कोणत्या देशात तयार झाले हे त्यानंतर कोणी विचारले नाही, कारण धरण्यापासून जुळवण्यापर्यंतच्या बारीकसारीक गोष्टींत ते नव्या संगीताचे झाले होते.

म्हणून त्या ज्येष्ठ वादकांना पुन्हा भेटाल तेव्हा, ‘घर नाही असे आपण म्हणालात, ते नेमके कोणत्या जागी जाणवले?’ असे अवश्य विचारा. उत्तरादाखल त्यांनी एखाद्या स्वरावर बोट ठेवले, तर ते शिकवणारे आहेत. उत्तर तुमच्या आईवडिलांविषयी, आडनावाविषयी किंवा बालपणाविषयी आले, तर तीन वर्षांचा विचार तिथेच थांबवावा असे मला वाटते.

आता तुमच्या वाक्याकडे. ‘चार संगीतांचे तुकडे, पूर्ण असे एकही नाही.’ हे वाक्य तुम्ही इतक्या सहजपणे लिहिले आहे की ते तुम्ही बरीच वर्षे स्वतःला सांगत आला असाल. पण तुमच्या पत्रातली माहिती त्याला दुजोरा देत नाही. ज्यांना तुम्ही चार तुकडे म्हणता ती चार वेगवेगळ्या प्रकारची ज्ञाने आहेत. पाश्चात्य व्हायोलिनची तुम्हाला बारा वर्षांची नियमित तालीम आहे. शिक्षक बदलले तरी पद्धत एकच राहिली, त्यामुळे ते ज्ञान तुमच्या हातात आहे. राग तुम्ही वीस वर्षे ऐकलेत, पण आईसमोर बसून एकही बंदिश बसवली नाही. ते ज्ञान कानात आहे. समूहगान गळ्यातून आणि छातीतून आले, वाचनाच्या आणि समजण्याच्या आधी. जॅझ गटात तुम्ही मित्रांबरोबर चुका करत, एकमेकांना ऐकत, आयत्या वेळी उत्तर द्यायला शिकलात. ही चार दालने समान आकाराची नाहीत, आणि त्यांची एकाच पट्टीने मोजदाद केली की सगळीच अपुरी वाटतात.

पत्रातला सर्वांत मोलाचा मजकूर तुम्ही कंसात लिहिला आहे. आलाप करताना गांधारावर थांबले की डाव्या हाताचे बोट आपोआप थरथरू लागते, कंप देते, आणि त्याच क्षणी तो तुमच्याच कानाला खटकतो, असे तुम्ही लिहिता. हे वाचल्यावर मी थोडा वेळ थांबले. हात एका शाळेत गेलेला आणि कान दुसऱ्या, असा हा पेच आहे. लांब स्वर निर्जीव वाटू नये म्हणून कंप द्यायचा हे हाताला बारा वर्षे शिकवले गेले. लांब स्वर तानपुऱ्यात विरघळेपर्यंत स्थिर ठेवायचा हे कानाने आईच्या रियाजातून उचलले. तुमचा प्रश्न ‘मी कोण’ या रूपात तुम्हाला छळतो आहे. मला तो बऱ्याच अंशी एका बोटाचा प्रश्न वाटतो. त्यामुळे तो लहान ठरत नाही, पण हाताळता येण्याजोगा होतो, आणि अनेक संस्कृतींत वाढलेल्या कलावंतांच्या अस्वस्थतेतला बराच भाग असाच हाताळता येण्याजोगा असतो असे माझे निरीक्षण आहे.

अशा वेळी मला टँगो या अर्जेंटिनातल्या नृत्यसंगीताचे रचनाकार आस्तोर पियाझोला यांची आठवण होते. इटालियन वंशाच्या कुटुंबात १९२१ साली अर्जेंटिनात त्यांचा जन्म झाला, आणि चौथ्या वर्षी ते आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आले. मायदेशाच्या ओढीने व्याकूळ असलेल्या वडिलांनी आठ वर्षांच्या मुलाला टँगोचे मुख्य वाद्य बँडोनिऑन आणून दिले. मुलाचा कान मात्र शहरातल्या जॅझकडे आणि शेजारच्या हंगेरियन पियानोवादकाच्या हातून ऐकलेल्या बाखकडे होता. किशोरवयात ते अर्जेंटिनाला परतले, ब्वेनोस आयरेसमध्ये रात्री टँगोच्या वाद्यवृंदात वाजवू लागले आणि पुढे दिवसा रचनाशास्त्राचा अभ्यास करू लागले. १९५४ साली शिष्यवृत्ती मिळवून ते पॅरिसला रचनाशास्त्राच्या नामवंत शिक्षिका नादिया बूलांजे यांच्याकडे गेले, तेव्हा आपण टँगो वाजवतो हे त्यांनी लपवून ठेवले होते. बूलांजे यांनी त्यांच्या रचना तपासल्या. त्यांत इतर थोर रचनाकार दिसत होते, हा माणूस दिसत नव्हता. शेवटी संकोचत त्यांनी स्वतःचा एक टँगो पियानोवर वाजवून दाखवला, आणि खरा पियाझोला हा आहे, असे बाईंनी त्यांना सांगितले. ही हकीकत पियाझोला स्वतःच सांगत असत.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘आपल्या मुळांकडे परत जा’ एवढे सांगण्यासाठी वापरली जाते, आणि त्याने तुमच्यासारख्यांचे नुकसान होते, कारण कोणत्या मुळांकडे जायचे हाच तर तुमचा प्रश्न आहे. ज्या टँगोकडे ते परतले तो स्वतः बंदरांच्या शहरांत, आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या तालांतून आणि युरोपातून आलेल्या स्थलांतरितांच्या गाण्यांतून घडला होता. बँडोनिऑन तर जर्मनीत जन्मलेले. शिवाय त्या प्रसंगानंतर पियाझोला लगेच घरी गेले नाहीत. ते बूलांजेबाईंकडे राहून काउंटरपॉइंट, म्हणजे अनेक स्वरावली एकाच वेळी स्वतंत्रपणे चालवण्याची विद्या, शिकले, आणि पुढे त्यांच्या टँगोत जी फ्यूग, म्हणजे एकच चाल वेगवेगळ्या स्वरावलींत एकामागून एक उचलली जाणारी रचना, ऐकू येते ती त्या शिस्तीतून आली. मायदेशी परंपरानिष्ठांनी ‘हा टँगोच नव्हे’ म्हणून अनेक वर्षे त्यांना विरोध केला. टँगो आणि बाख यांपैकी एकाची निवड त्यांनी केली नाही. लपवणे सोडले, आणि जे अर्धवट येत होते ते नीट शिकून घेतले.

तुमच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रणांबद्दल मी आता स्पष्टच लिहिते, कारण तुम्ही ती मन लावून केली आहेत आणि गुळमुळीत कौतुकाने तुमचा अपमान होईल. पहिल्यात तानपुरा सुरू होतो, यमनसारख्या स्वरांत व्हायोलिन येते, आणि दीड मिनिटाने पियानोचे कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह, खाली पसरतात. ते कॉर्ड येताच तुमचा तीव्र मध्यम, म्हणजे चढा ‘म’, जो तोपर्यंत पंचमाकडे ओढ घेत होता, एकदम सजावटीचा स्वर होऊन जातो, कारण खालचे कॉर्ड कानाला दुसऱ्याच दिशेने ओढतात. दुसऱ्यात जॅझच्या चालीवर मध्येच एक तान येते, आणि ती येण्याआधी सारी वाद्ये थांबून तिला वाट करून देतात, जणू पाहुणी आली आहे. दोन्हींत मला तुमचे चरित्र ऐकू आले. तुम्ही कुठे कुठे वाढलात हे क्रमाने कळले. त्या क्षणी तुम्हाला काय म्हणायचे होते ते मात्र कळले नाही.

हंगेरीचे रचनाकार बेला बार्टोक १९०६ पासून फोनोग्राफ हे ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडले. हंगेरियन, स्लोव्हाक, रोमानियन गाणी त्यांनी टिपली, १९१३ साली अल्जीरियात आणि १९३६ साली तुर्कस्तानात जाऊन तिथलीही गाणी गोळा केली. शेजारच्या लोकांची गाणी गोळा केल्याबद्दल त्यांना स्वदेशात दूषणे ऐकावी लागली. लोकसंगीत रचनाकाराच्या कामात कोणकोणत्या मार्गांनी उतरते याचे विवेचन त्यांनी १९३१ साली केले. एक तर मूळ चाल जशीच्या तशी घेऊन तिला साथसंगत जोडता येते. दुसरे म्हणजे तशा धर्तीची चाल स्वतः रचता येते. आणि तिसरा मार्ग असा की रचनेत चाल नाही, तिची नक्कलही नाही, पण ते संगीत रचनाकाराला मातृभाषेसारखे इतके अंगवळणी पडलेले असते की त्याच्या प्रत्येक वाक्यात त्याचा वास येतो. तिन्ही मार्ग त्यांनी स्वतः वापरले आणि पहिल्याला कमी लेखले नाही. साधी चाल नीट सजवणे हेही कठीण काम आहे असेच त्यांचे मत होते. तुमच्या पहिल्या दोन रचना पहिल्या आणि दुसऱ्या मार्गाच्या मध्ये कुठे तरी उभ्या आहेत.

आणि तिसरे ध्वनिमुद्रण तिसऱ्या मार्गावर आहे, ज्याला तुम्ही चूक म्हटले आहे. ते अवघ्या पन्नास सेकंदांचे आहे. खुंटी पिळल्याचा आवाज येतो, गज दोन तारांवरून एकदा फिरतो, मागे कुठे तरी दार लागते. मग तार जुळली की नाही हे पाहण्यासाठी तुम्ही एक छोटी चाल वाजवता. आजी झोपवताना गात असे ती ही चाल, असे तुम्ही फाइलच्या नावातच लिहिले आहे. गांधार इथे पियानोपेक्षा किंचित उतरता लागला आहे आणि बोट थरथरत नाही. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तुम्ही एक छोटी खालची मींड घेता, जी आजीच्या समूहगानात असण्याची शक्यता कमी आणि आईच्या गळ्यात असण्याची शक्यता जास्त. शेवटची ओळ षड्जावर न येता पंचमावर थांबते आणि गज तिथेच हलका होत जातो. तिथे कोणी कोणाला वाट करून देत नाही. हात, कान आणि गळा एकाच वेळी हजर आहेत, कारण तुम्ही कोणालाही काही दाखवत नव्हता.

यावरून ‘सहज येते तेच खरे’ असा निष्कर्ष कृपया काढू नका. पन्नास सेकंद सहज येतात. दहा मिनिटे सहज येत नाहीत, आणि ती दहा मिनिटे उभी करण्यासाठी तालीमच लागते. पण तुमचे स्वतःचे असे काही नाही, या समजुतीला तुम्हीच पाठवलेला हा पुरावा छेद देतो, म्हणून तो तुमच्यापुढे ठेवते.

आता निवडीचा प्रश्न. तीन वर्षांच्या तालमीकडे तुम्ही एक प्रकारचे शुद्धीकरण म्हणून पाहता आहात, असे पत्रातल्या ‘सारे पुसून टाकून’ या शब्दांवरून वाटले. तो हेतू असेल तर जाऊ नका. वीस वर्षांचे ऐकणे पुसले जात नाही. ते दडपले जाते, आणि दडपलेले संगीत पुढे कडवटपणा होऊन बाहेर येते. पण कानाला जे कळते ते हाताला यावे म्हणून जाणार असाल, तर माझे मत जाण्याच्या बाजूचे आहे, आणि दौऱ्यापेक्षा निश्चितच आधी.

रविशंकरांचे तारुण्य पाहा. दहाव्या वर्षी ते थोरले बंधू उदय शंकर यांच्या नृत्यपथकाबरोबर पॅरिसला गेले आणि त्यांचे सारे किशोरवय युरोप-अमेरिकेच्या रंगमंचांवर गेले. नृत्य येत होते, सतार आणि इतर वाद्ये थोडीथोडी येत होती, टाळ्या मिळत होत्या. १९३८ साली ते सर्व सोडून ते मैहरला अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे शिकायला बसले आणि काही वर्षे तिथेच राहिले. पुढे येहुदी मेन्यूहिन या पाश्चात्य व्हायोलिनवादकांबरोबर ते बसले तेव्हा ते स्वतःच्या बैठकीवरून बोलत होते, म्हणून तो संवाद होऊ शकला. ज्यांच्याकडे ते गेले ते अल्लाउद्दीन खाँही बंद दाराआड वाढलेले नव्हते. सरोदाबरोबर व्हायोलिन आणि कितीतरी वाद्ये त्यांना येत होती, आणि मैहरमध्ये त्यांनी देशी-विदेशी वाद्यांचा वाद्यवृंद उभा केला होता. कडक शिस्त आणि मोकळा कान एकाच माणसात असू शकतात. तुमच्या ज्येष्ठांत ते आहेत का, हे तुम्हाला भेटीत पारखायचे आहे.

या मार्गाची किंमतही सांगते. तीन वर्षे सा-प-सा-प जुळवणी आणि बदललेली बैठक यांत गेली, तर पाश्चात्य वादनातली तुमची आजची सफाई काही अंशी ओसरेल, आणि परतायचे झाले तर ती पुन्हा कमवावी लागेल. मिळकत कमी होईल. सत्तावीसाव्या वर्षी लहान मुलांबरोबर प्राथमिक पलटे घोटताना मन खट्टू होईल. हे सारे गृहीत धरूनच होकार द्या, आणि होकारापूर्वी दोन गोष्टी मोकळेपणाने बोलून घ्या: व्हायोलिन हनुवटीखाली धरूनच शिकायची मुभा आहे का, आणि घरी एकांतात स्वतःची रचना करण्यास त्यांची हरकत आहे का. पहिल्याला नकार आला तर त्यामागे सांगीतिक कारण असेल, ते समजून घ्या. दुसऱ्याला नकार आला, तर पहिल्या वर्षापुरता तो मान्य करण्यासारखा आहे. तीन वर्षांसाठी मान्य करू नये.

दौऱ्याविषयी थोडक्यात लिहिते. तो समूह वाईट आहे असे नाही. पण निमंत्रणपत्रात त्यांनी तुमच्या वादनाविषयी एक ओळ लिहिली आहे आणि तुमच्या ‘विलक्षण पार्श्वभूमी’विषयी चार. वर्षभर रोज रात्री तीच पार्श्वभूमी वाजवत राहिलात तर ती तुमच्याही कानाला खोटी वाटू लागेल. दोन वर्षांनी, स्वतःच्या एखाद्या रचनेसह, पुन्हा भेटू असे त्यांना कळवा. ज्यांना तुमचे वादन हवे आहे ते थांबतात.

‘तुमच्या संस्कृतीतले थोडे अधिक दाखवा’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यावे, हा प्रश्न तुमच्यासारख्या अनेकांनी मला या ना त्या शब्दांत विचारला आहे. रागावण्याचा उपयोग होत नाही, कारण बहुतेकांचा हेतू तिकिटे विकण्याइतकाच साधा असतो. कार्यक्रमाच्या परिचयात आईवडिलांच्या देशांची यादी देऊ नका. तुम्ही कोणाकडे काय शिकलात, आणि आजची रचना कोणत्या स्वरांवर व तालावर उभी आहे, एवढेच लिहा. श्रोत्याला ऐकण्यासाठी धरायला काही तरी हवे असते, आणि ते तुम्ही दिले नाही तर तो तुमचा चेहरा आणि आडनाव धरतो.

ज्यांना असे गुरू उपलब्ध नाहीत, किंवा नोकरी-संसारामुळे तीन वर्षे काढता येत नाहीत, अशा वाचकांसाठी याच विचारातून निघणारे काही सांगता येईल. लहानपणी कानावर पडलेल्या संगीतांपैकी एक निवडा आणि वर्षभर त्यातल्या जाणकाराकडून स्वतःच्या चुका काढून घ्या. महिन्यातून दोनदा भेट झाली तरी चालेल, पण चूक सांगणारा माणूस समोर हवा, नुसते ध्वनिमुद्रण नको. ध्वनिमुद्रण कधीच ‘पुन्हा लाव’ म्हणत नाही. ही निवड जन्मभराची नसते, हेही लक्षात असू द्या. कुमार गंधर्व कानडी घरात जन्मले, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले आणि १९४८ साली क्षयाच्या आजारामुळे देवासला गेले. गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत कानावर पडत राहिलेली माळव्याची लोकगीते पुढे त्यांच्या नव्या रागांत उतरली. ते संगीत त्यांना जन्माने मिळाले नव्हते. आजारात पडून राहून, गाता येत नसताना, त्यांनी ते ऐकले. म्हणजे जे संगीत आपल्या वाट्याला बालपणी आले नाही तेही आपले होऊ शकते, आणि जे बालपणी आले ते ऐकणे सोडले तर परके होऊ शकते.

दोन संगीते एकत्र आणायचीच असतील तर आधी स्वतःला विचारा की प्रत्येकातली कोणती गोष्ट मोडली की ते संगीतच उरत नाही. रागात स्वराची ओढ मोडता येत नाही. तुमच्या जॅझ गटात बहुधा तालातला झोका मोडता आला नसता. कागदावर या दोन-तीन गोष्टी लिहून ठेवा आणि त्यांना धक्का न लावता किती जवळ येता येते ते पाहा. पहिल्या रचनेत पियानोचे कॉर्ड काढून तिथे फक्त षड्ज-पंचम ठेवून पाहिलेत, तर तो मध्यम पुन्हा ओढ घेऊ लागेल असा माझा अंदाज आहे. मग त्या मध्यमाला न दुखावणारे कॉर्ड कोणते, हा शोध तुमचा. तो कदाचित सहा महिने चालेल, आणि तसा शोध घेणारे लोक फार थोडे आहेत, कारण त्यासाठी दोन्ही बाजूंचा कान लागतो. तो तुमच्याजवळ आहे.

राहिली आजीची चाल. तिचे शब्द तुम्हाला कळत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. आजी आता नाहीत, पण आत्या ती भाषा बोलतात. तेव्हा तालमीला जाण्यापूर्वी आत्याकडून ते शब्द लिहून घ्या, त्यांचा अर्थ विचारून घ्या, आणि कोणत्या अक्षरावर श्वास घ्यायचा हे त्यांना एकदा गायला लावून पाहा. त्या चालीवर पुढे काही रचणार असाल तर तसे आत्यांना सांगा आणि त्यांची संमती घ्या; ती घरातली वस्तू आहे आणि तुमच्याइतकीच त्यांचीही आहे. पंचमावरचा तो थांबा आजीचा होता की तुमचा, हेही तेव्हा कळेल. आजीचा असेल तर तसाच ठेवा. तुमचा असेल, तर त्या ज्येष्ठ वादकांना पहिल्या भेटीत आधीच्या दोन रचना न ऐकवता हेच पन्नास सेकंद ऐकवा, आणि घराबद्दलचा तो प्रश्न त्यानंतर विचारा.